कोरड्या बिया, ओल्या शंका

उत्तरायण तोंडावर आलं की आपल्या बडोद्यात मांज्याच्या बरोबरीने तीळ, चिक्की, मुखवास ह्यांची खरेदी सुरू होते आणि माझ्याकडे बियांचे प्रश्न यायला लागतात. ह्या वेळी तर इतके आले की तांब्याची बाटली, फ्रिजमधलं भिजवलेलं पीठ वगैरे सगळं पुढच्या अंकाला ढकललंय. लांब पत्रं मी थोडी कापलीयत, राग मानू नका.

ताई, मी दरवर्षी हाथीखान्यातून पांढरे तीळ आणते, सुटे, एकदम पॉलिशवाले. मुलगी बेल्जियमला असते, ती म्हणते तिकडे भारतातले तीळ दुकानांतून परत काढून घेतले होते, विषारी निघाले म्हणून. आपण खातो ते तेच का? मग लाडू करू की नको?
— एक काकू, दांडिया बाजार

काकू, लाडू करा, बिनधास्त करा, फक्त तीळ नीट भाजा आणि पॉलिशवाले सोडा, का ते सांगते.

मुलगी सांगते ते खरं आहे पण अर्धंच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमनेच सगळ्यात आधी कळवलं की भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड नावाचा गॅस उरलेला सापडतोय. युरोपात तिळासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि सापडला तो ह्याच्या कितीतरी पट. आणि तीळ काय एकटे थोडेच विकले जातात, पाव, क्रॅकर, बर्गरचे बन, सॅलडवर टाकायची पाकिटं, जिथे जिथे ते तीळ गेले ते सगळं दुकानांतून काढावं लागलं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युरोपने ठरवलं की आपल्याकडून येणाऱ्या तिळाच्या निम्म्या खेपा आत घेण्याआधीच तपासायच्या.

आता उरलेलं अर्धं. हा गॅस कुणी भेसळ म्हणून घातलेला नव्हता. हॉस्पिटलात लागणारी सिरिंज, कॅथेटर ज्याने निर्जंतुक करतात तोच हा गॅस, आणि तिळावर तो सोडतात साल्मोनेला नावाचा जंतू मारायला, कारण साल्मोनेला सापडला तरी खेप परत येतेच. म्हणजे जंतू ठेवले तरी माल परत, गॅस दिला तरी माल परत. अमेरिकेत तिळाला आणि मसाल्यांना हा गॅस ठराविक मर्यादेत चालतो, युरोपात चालत नाही, कारण माणसाला कॅन्सर करतात अशा पदार्थांच्या पहिल्याच गटात तो बसतो. माझं मत विचाराल तर युरोपचं बरोबर आहे. वाफेने काम होतं तिथे गॅस कशाला? पण वाफेची मशिनरी महाग, आणि वाफ दिल्यावर माल परत वाळवायचा तो वेगळाच खर्च.

तुमच्या सुट्या तिळाच्या बाबतीत मात्र मी गॅसपेक्षा जंतूंचा विचार आधी करेन. तिळाचं पीक कापून पेंढ्या उभ्या करून शेतातच वाळवतात, बोंडं उकलली की झाडून घेतात, तिथे माती असते, पक्षी असतात, उंदीर असतात, बाजूला गुरं बांधलेली असतात, मग पोतं, मग गोडाऊन, मग दुकानातलं उघडं पिंप आणि त्यात बुडणारे हात. साल्मोनेला कोरड्या तिळात वाढत नाही कारण त्याला पाणीच मिळत नाही, पण तो मरतही नाही, महिनोन्महिने तसाच झोपून राहतो. कोरडं म्हणजे स्वच्छ असं आपण धरून चालतो ना, तिथेच फसतो. वर तिळातलं तेल त्याला पोटातल्या ॲसिडपासून थोडंफार सांभाळतं, त्यामुळे थोडे जंतू गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. २००१ मध्ये तुर्कस्तानातून गेलेल्या हलव्याने (तो तिळाचाच असतो) ऑस्ट्रेलिया, स्वीडन आणि नॉर्वेत लोक आजारी पडले ते असंच.

आणखी एक खोड आहे ह्या साल्मोनेलाची. आमटीला उकळी आली की हा संपतो, पण कोरड्या दाण्यात असला की उष्णतेलाही चिवट होतो, तीळ नुसते कोमट केले तर त्याला काहीएक होत नाही. म्हणून जाड बुडाची कढई घ्या, थोडे थोडे तीळ घ्या, मध्यम आचेवर तडतडून रंग बदलेपर्यंत सतत हलवत भाजा, सगळे एकदम ओतले तर वरचे कच्चेच राहतात. आधी धुणार असाल तर उत्तम, माती जाते, पण मग दोन-दोन दिवस गच्चीवर वाळत घालू नका, एकतर ओल, त्यात उत्तरायणाची थंडी आणि डोक्यावर कबुतरं, त्यापेक्षा न धुतलेले परवडले. धुवा, निथळवा, पंख्याखाली पातळ पसरा, त्याच दिवशी भाजा.

आणि पॉलिशवाले का नको? कारण पॉलिश म्हणजे साल काढलेले. सालासकट तिळात १०० ग्रॅमला साधारण १००० मिलिग्रॅम किंवा त्याच्याही वर कॅल्शियम असतं, साल गेली की ६० च्या आसपास उरतं. आता हेही खरं की सालातलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटने बांधलेलं असतं, ते सगळं अंगाला लागत नाही, पण निम्मं-पाव तरी लागेल की नाही? शिवाय साल काढायला तीळ भिजवावे लागतात आणि नंतर वाळवणं रेंगाळलं तर झोपलेल्या जंतूंना आयतंच पाणी मिळतं. जरा मळकट दिसणारे, सालवाले तीळ मागा. लाडू पांढरेशुभ्र होणार नाहीत, चालतंय.

मांडवीकडे मुखवासाचे उघडे डबे असतात, सगळ्या डब्यांना मिळून एकच चमचा. जेवण झाल्यावर तोच खातो आम्ही. खावा का?
— एक काका, रावपुरा

काका, मुखवासाची अडचण अशी की तो कुठेच शिजत नाही, आणि साखर लावलेला असेल तर घरी आणून परत भाजताही येत नाही. म्हणजे दुकानात जे काही पडलं ते थेट तोंडात. बंद पाकिटातला घ्या किंवा घरी करा, बडीशेप, तीळ, जवस, धनाडाळ वेगवेगळं भाजायचं, मीठ-हळदीचं पाणी शिंपडायचं असेल तर ते भाजतानाच शिंपडायचं, नंतर नाही. हॉटेलात बिलाबरोबर येणाऱ्या वाटीतला मी स्वतः घेत नाही, मग लोकं नावं ठेवतात ती ठेवू देत.

ताई मी माझ्या मुलाला (७ वर्षं) शाळेच्या डब्यात सीड्स मिक्सचं पाकीट देते, चिया, पंपकिन, सनफ्लॉवर, फ्लॅक्स असं सगळं, आणि रात्री चिया भिजवून ओट्यावर ठेवते सकाळी दुधात. खूप महाग पडतंय पण प्रोटीन आणि ओमेगा मिळतंय ना म्हणून देते. बरोबर करतेय ना?
— एक आई, मांजलपूर

अर्धं बरोबर करतेस गं. बिया चांगल्याच आहेत, पण पाकिटावरचे आकडे १०० ग्रॅमचे असतात आणि तुझा मुलगा खातो एक चमचा, म्हणजे १० ग्रॅम धर. भोपळ्याच्या बीत १०० ग्रॅमला ३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे, खरंय, पण चमच्याला ३ ग्रॅम, एवढं तर छोट्या वाटीभर वरणातही मिळतं. त्या बियांचा खरा फायदा झिंक आणि मॅग्नेशियमचा आहे, सूर्यफुलाचा ई व्हिटॅमिनचा. प्रोटीनसाठी डाळ-दूध-अंडं जे खातो ते चालू ठेव.

चियाबद्दल मी जरा तिरकसच बोलते, माफ कर. चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, आता आपल्याकडे मध्य प्रदेशातही पिकतो, नीमचच्या मंडीत येतो. त्यात ओमेगा-३ चं झाडांमधलं रूप १०० ग्रॅमला १७-१८ ग्रॅम असतं, आणि आपल्या जवसात? २२-२३ ग्रॅम. किंमत बघ दोघांची. बरं हे झाडांमधलं ओमेगा-३ शरीर माशातल्यासारख्या रूपात फारच थोडं बदलू शकतं, तेव्हा चमत्काराची अपेक्षा जवसाकडूनही नको आणि चियाकडूनही नको. चियाचं एक मात्र मान्य, तो अख्खा भिजवून खाता येतो. जवस अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो, त्याला भाजून भरड कुटावा लागतो, आपली जवसाची चटणी करतो तसाच. डब्यातल्या मिक्समधले अख्खे फ्लॅक्स म्हणजे थोडक्यात पैसे वाया.

कुटलेला जवस मात्र टिकत नाही, त्यातलं तेल हवेने आणि उजेडाने लवकर खवट होतं, आठ-दहा दिवसांपुरताच कुटायचा आणि बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचा. मिक्सच्या पाकिटाचंही तेच, सोललेल्या बिया, पारदर्शक पाकीट, दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेलं, अशातली बी चावून बघ, शेवटाला कडवट-खवट लागली तर पाकिटावरची तारीख काहीही म्हणो, टाकून दे. खवट बीने जुलाब होतीलच असं नाही, पण ज्या तेलासाठी आणि ई व्हिटॅमिनसाठी तू एवढे पैसे मोजलेस तेच गेलेलं असतं.

आता ओट्यावरचा चिया. हे आजपासून बंद. कोरड्या चियात जंतू असले तरी झोपलेले, पाणी घातलंस की ते जागे झाले, आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात रात्री ओटा काही थंड नसतो. २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडात मोड आणलेल्या चियाच्या पावडरीतून साल्मोनेला पसरला होता. भिजवायचं तर फ्रिजमध्ये भिजव, नाहीतर सकाळी गरम दुधात घाल, चियाला फुगायला रात्रभर लागत नाहीच. फालुद्यातल्या तकमरियाला (सब्ज्याला) पण हाच नियम लाव.

मी घरून बाळंतिणींसाठी अळिवाचे लाडू करून देते, ऑर्डर बऱ्याच असतात. लेबलवर ‘१०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह’ लिहू का? एका ताईंनी सांगितलं आकडा चुकीचा आहे.
— एक गृहउद्योगवाल्या, वारसिया

नका लिहू. हा १०० चा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांतून आलाय आणि तिथून सगळीकडे पसरला, पुस्तकांत, व्हॉट्सॲपवर, लाडवांच्या डब्यांवर. त्याच संस्थेने २०१७ मध्ये नवीन तक्ते काढले, त्यात अळिवाचं लोह वीसच्याही आत आहे. बी तीच, मोजण्याच्या पद्धती सुधारल्या, आणि जुन्या नमुन्यांत मातीतलं लोखंडही मोजलं जात असणार असा माझा अंदाज. वीसच्या आत म्हणजे वाईट अजिबात नाही, पण एका लाडवात अळीव असतो किती? चमचा-दीड चमचा. त्यातही बियांमधलं लोह शरीर सगळं घेत नाही, बाळंतिणीला सांगा लाडवावर लगेच चहा घेऊ नकोस, जेवणात लिंबू पिळ, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या लाडू चालू आहेत म्हणून बंद करू नकोस. हे शेवटचं तर डब्याबरोबर चिठ्ठी लिहूनच द्या.

आता लाडवाबद्दल. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवता ना? तो भाग सगळ्यात नाजूक आहे, गोड पाणी आणि ओली बी. तासाभराहून जास्त भिजवायचे असतील तर फ्रिजमध्ये, नंतर गूळ-खोबऱ्याबरोबर चांगलं खदखदून आटवा, वळताना हात स्वच्छ, आणि ओल्या नारळाचा लाडू फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, ह्याच्या पुढे नाही. कुरिअरने सुरतेला पाठवता असं लिहिलंय तुम्ही, त्यासाठी ओल्या नारळाचा पाठवू नका, अळीव कोरडा भाजून सुक्या खोबऱ्याचा करा. आणि फूड लायसन्सवाल्यांकडे रजिस्ट्रेशन केलं नसेल तर करून घ्या, घरच्या धंद्यालाही ते लागतं.

जिममधले ट्रेनर म्हणाले मेथीचे आणि मुगाचे मोड कच्चे खा, शिजवलं की सगळं जातं. मी हॉस्टेलवर राहतो, बाटलीत मोड आणतो. सेफ आहे का
— एक विद्यार्थी, फतेगंज

नाही रे बाबा. मोड आणणं म्हणजे ओल, ऊब आणि दोन दिवस वेळ, जंतूंना ह्याच्यापेक्षा जास्त काय हवं, एका बीवर मूठभर असलेले दोन दिवसांत लाखांत जातात आणि बाटली वरून धुतली तरी ते बीच्या भेगेत बसलेले असतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची जी साथ आली त्यात जवळजवळ ४००० लोक आजारी पडले, ५० पेक्षा जास्त मेले, कितीतरी जणांच्या किडन्या गेल्या, आणि आधी बिचाऱ्या स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेवटी शोध जाऊन थांबला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांच्या मोडांवर. मेथीच, तीच तुझ्या बाटलीतली.

आपल्याकडे मटकीची उसळ घरोघरी होते आणि असं काही होत नाही कारण ती शिजते. ट्रेनरना सांग, शिजवल्याने थोडं सी व्हिटॅमिन जातं, प्रोटीन कुठे जात नाही, उलट पचायला सोपं होतं. पाच-सात मिनिटं वाफवून घे, वर लिंबू पिळ, झालं. हॉस्टेलवर वाफवायची सोय नसेल तर भाजलेले चणे खा.

आमचं समा भागात लहान किराणा दुकान आहे. २०२४ च्या ऑगस्टला विश्वामित्रीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा भिजलेली पोती फेकली होती. ह्या पावसाळ्यात नुसत्या दमटपणाने शेंगदाणे आणि मगजाला (कलिंगडाच्या सोललेल्या बियांना) कुबट वास लागलाय. ऊन दाखवून, भाजून विकले तर चालेल का? खूप नुकसान आहे.
— एक दुकानदार

पुराचं भिजलेलं फेकलंत ते बरंच केलंत, त्या पाण्यात गटार असतं. पण हेही विकू नका, आणि ह्याचं कारण साल्मोनेलापेक्षा वेगळं आहे. कुबट वास म्हणजे बुरशी, आणि शेंगदाणे, मगज, मका अशा गोष्टींवर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. बुरशी उन्हाने मरेल, भाजण्याने मरेल, विष मरत नाही, ते जिवंतच नाहीये, ते पूर्ण तुटायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, तेवढ्यात तुमचा दाणा कोळसा होईल. हे विष लिव्हरवर बसतं, थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर लिव्हरचा कॅन्सर.

आणि हे लांबचं नाही हो. १९७४ मध्ये आपल्या शेजारच्या पंचमहालात आणि तिकडे राजस्थानात बांसवाड्याकडे अवकाळी पावसात मका भिजला, बुरशी आली, आदिवासी कुटुंबांकडे दुसरं धान्य नव्हतं म्हणून त्यांनी तोच खाल्ला, कावीळ झाली, पोटात पाणी झालं, चारशेच्या आसपास लोक आजारी पडले आणि शंभराहून जास्त मेले. त्याच मक्यावर जगणारी घरातली कुत्रीही गेली. अफ्लाटॉक्सिनवरच्या जगभरच्या अभ्यासात ह्या गावांचं उदाहरण अजून दिलं जातं, आणि बडोद्यात किती जणांना माहीत आहे विचारलं तर कुणालाच नाही.

पुढच्यासाठी: तेलबियांत ओलावा ७-८ टक्क्यांच्या आत हवा, धान्याला १३ चालतो म्हणून तेलबियांनाही चालेल असं नसतं, तेलात पाणी मुरत नाही, त्यामुळे थोडीशी ओलही बुरशीला पुरते. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, पावसाळ्यात मगज कमी भरा. मगज बाहेरून, लांबचा प्रवास करून आलेला असू शकतो, तेव्हा घेतानाच मूठभर दाणे तळहातावर चोळून वास घ्या. काळपट, सुरकुतलेले, हिरवट ठिपक्यांचे दाणे जास्त दिसले तर पोतं परत करा.

घरी कसं ओळखायचं बियांत जंतू आहेत का? बडोद्यात कुठे तपासून मिळतं?
— बऱ्याच जणांनी विचारलंय

डोळ्यांनी बुरशी कळते, जिभेला खवटपणा कळतो, साल्मोनेला काहीच कळत नाही, ना वास ना रंग. तपासायचंच असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साध्या ग्राहकालाही फी भरून सरकारी ॲनालिस्टकडून नमुना तपासून घेता येतो, राज्याची फूड अँड ड्रग लॅबोरेटरी आपल्या बडोद्यातच आहे. जाण्याआधी तिथे विचारा की साल्मोनेलाची टेस्ट करतात का आणि नमुना कशात आणायचा, जंतूंच्या टेस्टला साधी पिशवी चालत नाही. माल घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला नेणार आहे, आणि रिपोर्टमध्ये माल कायद्यात बसत नाही असं निघालं तर भरलेली फी परत मिळते. बिल घ्याच. सुट्या पावशेर तिळाचं बिल मागितल्यावर तो तुमच्याकडे कसा बघेल ते मला चांगलं माहीत आहे, तरी मागा.